धर्मपुत्रासाठी तीन अंडी : बाउत्सेनजवळच्या सोर्ब आजींची कार्यशाळा

पूर्व जर्मनीत बाउत्सेनजवळ सोर्ब समाजातल्या एक आजी पिसाने मेण लावून ईस्टरची अंडी रंगवायला शिकवतात. आधी व्यवहाराचं सांगते. मोठ्या माणसाला ३५ युरो, बारा वर्षांखालच्या मुलांना २०. वेळ तीन तास. त्यात माणशी दोन अंडी, मेण, रंग, पिसं, आणि मध्ये कॉफीबरोबर घरच्या केकचा एक मोठा चौकोनी तुकडा. जागा फक्त आठ. नोंदणी फोनवरून, तीही संध्याकाळी सहानंतर, कारण दिवसभर आजी कोंबड्या, बाग आणि चर्च यांतच असतात. कार्ड चालत नाही, रोख न्यायची. मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन मार्च २०२५ मधल्या एका शनिवारी गेले होते. पैसे पुरेपूर वसूल झाले. पाचपैकी साडेचार देते. अर्धा कुठे कापला ते पुढे येईल.

आजींचं नाव आणि पत्ता इथे देत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. बाउत्सेनच्या पोस्टप्लाट्स चौकात ‘सेर्ब्स्की दोम’ म्हणजे सोर्ब लोकांचं घर आहे. तिथल्या माहिती केंद्रात चौकशी करा, मीही तिथूनच सुरुवात केली.

सोर्ब म्हणजे कोण, हे ड्रेस्डेनला येऊन चार वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं. जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड आणि चेकच्या सीमांजवळ लाउझित्स नावाचा प्रदेश आहे. तिथे हजार वर्षांहून जास्त काळ राहणारा हा स्लाव समाज. चहूबाजूंनी जर्मन, आणि मध्ये हे साधारण साठ हजार लोक, ज्यांची भाषा पोलिश आणि चेकच्या जवळची. बाउत्सेन स्टेशनवर उतरलं की पाटीवर दोन नावं दिसतात, बाउत्सेन आणि बुडिशिन. नाझींनी १९३७ मध्ये यांच्या दोमोविना या संघटनेवर बंदी घातली होती. त्यातून ही भाषा आणि हे सण तगले आहेत. मी वसईची. घरी आम्ही कादोडी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकलो. मोठ्या भाषेच्या पोटात छोटी बोली सांभाळणं काय असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. आजी नातवाला सोर्बमध्ये हाक मारत होत्या आणि तो जर्मनमध्ये उत्तर देत होता, तेव्हा मला माझ्या आईचं स्वयंपाकघर आठवलं.

मी तिथे का गेले, ते सांगते. मी ड्रेस्डेनच्या एका इस्पितळात नर्स आहे. आमच्या वॉर्डात एक सोर्ब सहकारी आहे. रात्रपाळीत एकदा तिने सांगितलं, की तिच्याकडे ईस्टरला मुलं आपल्या धर्ममाता-धर्मपित्याच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांची जबाबदारी घेतलेल्यांच्या, घरी जातात आणि तिथून त्यांना रंगवलेली अंडी मिळतात. तीन अंडी, सोबत गोड पाव. धर्ममाता ती अंडी स्वतःच्या हाताने करते, निदान करायला हवी अशी अपेक्षा असते. हे ऐकून मी गप्प झाले. वसईत माझा एक धर्मपुत्र आहे, माझ्या भावाचा मुलगा. मे महिन्यात त्याचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी, होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातात धरून मी शब्द दिला आणि सहा महिन्यांत देश सोडला. दरवर्षी वाढदिवसाला पैसे पाठवते. हाताने केलेलं काहीही त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

आमच्याकडे ईस्टरचं अंडं म्हणजे बेकरीतलं मार्झिपानचं. गुलाबी नाहीतर पिस्ता रंगाचं, वर साखरेची फुलं, पारदर्शक कागदात गुंडाळलेलं. ते खाऊन संपतं. मला काहीतरी उरणारं पाठवायचं होतं.

पहिला प्रयत्न मी घरीच केला, एक तयार संच मागवून. कंपनीचं नाव घेत नाही. २८ युरोंचा तो डबा दिसायला फार देखणा होता. झाकणावर लाल-काळी अंडी, आत सहा पिसं, मेणाची एक वडी, पाच रंगांच्या पुड्या आणि एक घडीचा कागद. पिसं कापून आलेली होती, पण टोकं इतकी जाड की त्रिकोणाचा ठसा न उमटता थेंब पडायचा. मेण नुसतं पॅराफिन असावं. अंड्यावर पडताच ते पांढुरकं व्हायचं आणि रंगाच्या पाण्यात गेलं की पापुद्र्यासारखं सुटायचं. कागदावर लिहिलं होतं, ‘रंग गरम पाण्यात विरघळवा’. ते पाणी आधी थंड होऊ द्यायचं, हे कुठेही लिहिलं नव्हतं. गरम पाण्यात अंडं घातल्यावर मेण राहील कसं? बारा अंडी वाया गेली. लेकीने शेवटचं अंडं स्केचपेनने रंगवलं. हा संच घेऊ नका, आणि ज्या संचात मेण कशाचं आहे हे लिहिलेलं नसेल तो कुठलाच घेऊ नका.

ड्रेस्डेनहून बाउत्सेनला जायला प्रादेशिक गाडीने साधारण तास लागतो. प्रादेशिक गाड्यांना चालणारं महिन्याचं डॉइचलांड-टिकिट (२०२५ मध्ये ५८ युरो) असेल तर वेगळा खर्च नाही. पुढे बस. शनिवारी बस कमी असतात, आमची एक चुकली आणि पुढच्या बसची दीड तास वाट पाहिली. पण त्या बसच्या खिडकीतून जे दिसलं त्यासाठी मी पुन्हा वाट पाहीन. कॅथलिक सोर्बांच्या या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, घरांच्या अंगणात क्रूस उभे आहेत. काही दगडी, काही सोनेरी मुलामा दिलेले, पायाशी ताजी फुलं. थेट आमच्या वसईतल्या नाक्यांवरच्या क्रुसांसारखे. लेकीने विचारलं, “आई, इथे पण आपलीच माणसं राहतात का?”

आजींचं घर म्हणजे एक जुनं शेतघर, आत शिरताच मधमाश्यांच्या मेणाचा वास. लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली. प्रत्येकासमोर वाळूने भरलेला एक पत्र्याचा डबा, वाळूत मधोमध एक छोटी मेणबत्ती, आणि दांडी वाकवून कडेला खोचलेला एक जुना चमचा, असा की त्याचा खोलगट भाग बरोबर ज्योतीच्या वर येतो. त्या चमच्यात चिमूटभर मेण. एवढीच सगळी यंत्रसामग्री.

मेणात मुख्य भाग मधमाश्यांच्या मेणाचा, त्यात थोडं पॅराफिन. आजींच्या सासूबाईंचं प्रमाण वेगळं होतं आणि शेजारणीचं आणखी वेगळं, असं त्या म्हणाल्या. पीस हंसाचं. दांडीच्या दोन्ही बाजूंची लव कापून टाकायची, फक्त टोकाशी थोडी ठेवायची, आणि तिला नखं कापायच्या कात्रीने आकार द्यायचा. एक त्रिकोण, एक बारीक चौकट, एक निमुळती पाकळी. एकेका आकाराला एकेक पीस. ठिपक्यांसाठी काडीत खोचलेली टाचणी, डोकं बाहेर. टाचणीचं डोकं मेणात बुडवून अंड्यावर टेकवलं की ठिपका. टेकवून ओढलं की अश्रूसारखी रेघ.

आता मेणाचं. इथेच सगळी कला आहे आणि हेच त्या डब्यातल्या कागदावर नव्हतं. आजींनी पीस मेणात बुडवलं, अंड्यावर टेकवलं आणि मला जवळ बोलावून म्हणाल्या, “बघा, काचेसारखं दिसतंय का?” दिसत होतं. ठसा ओल्या काचेसारखा आरपार, खालचं कवच स्वच्छ दिसणारा. मग त्यांनी चमचा ज्योतीवरून बाजूला केला, दहापर्यंत मोजलं आणि पुन्हा ठसा घेतला. हा ठसा दुधाळ, धुरकट. त्यांनी नखाने नुसता स्पर्श केला आणि तो सालीसारखा निघाला. थंड मेण कवचाला धरत नाही, नुसतं वर बसतं. आणि फार तापलं तर चमच्यातून धुराची रेघ निघते आणि पिसाचं टोक आक्रसून केसासारखं कुरळं होतं. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे ती शोधायची. मी इतकी वर्षं इंजेक्शनं देते, शिरा शोधते. बोटांना कळणारी गोष्ट कागदावर उतरत नाही, हे माझ्या धंद्यात रोज दिसतं. आजींनी माझा हात मनगटाला धरून चमच्याच्या कडेला ठेवला आणि पीस बुडवल्यापासून अंड्यावर टेकेपर्यंत किती वेगाने जायचं ते तीनदा माझ्या हाताने करून घेतलं. चौथ्यांदा मला आपोआप जमलं. त्या ३५ युरोंपैकी ३० या एका मिनिटाचे, असं मी धरते.

पुढचा क्रम सोपा आहे. अंडं व्हिनेगरने पुसायचं, म्हणजे बोटांचा तेलकटपणा जातो. पांढऱ्यावर मेणाची पहिली नक्षी. मग पिवळ्या रंगाच्या गार पाण्यात. आतून फुंकून रिकामं केलेलं अंडं तरंगतं, त्यामुळे ते चमच्याने दाबून धरावं लागतं. बाहेर काढून टिपायचं, पिवळं जिथे राहायला हवं तिथे पुन्हा मेण, मग लाल. फिक्याकडून गडदाकडे. शेवटी अंडं ज्योतीच्या बाजूला धरायचं. वर धरलं तर काजळी बसते. मेण चकाकायला लागलं की मऊ फडक्याने पुसायचं. फडकं फिरतं आणि खालून पांढरी, पिवळी, लाल नक्षी एकदम उघडी पडते. लेकीच्या तोंडून निघालेला आवाज ऐकून टेबलावरचे सगळे आमच्याकडे वळले.

हात स्थिर ठेवायचा आणि अंडं फिरवायचं, हे आजी दर पाच मिनिटांनी कुणाला ना कुणाला सांगत होत्या. अंड्याच्या मधोमध फिरणाऱ्या त्रिकोणांच्या माळेला त्या ‘लांडग्याचे दात’ म्हणतात. ते घराला वाईटापासून राखतात. मधाच्या पोळ्याची षटकोनी जाळी कष्टाळूपणासाठी, किरणांचं चक्र म्हणजे सूर्य. धर्मपुत्रासाठी आहे म्हटल्यावर आजींनी मला दातच करायला सांगितले. माळेत सोळा दात बसवायचे: आधी चार, मग त्यांच्या मध्ये चार, मग प्रत्येक फटीत एकेक. दुसऱ्या अंड्यावर माझं कुठेतरी अंतर चुकलं आणि शेवटी एक फट मोठी राहिली. ती बुजवायला मी आणखी एक दात घातला. सतरा झाले. मेण खरवडून पुन्हा करू का, असं विचारलं. आजी म्हणाल्या, “राहू दे. मोजणारा मोजेल, तेव्हा त्याला कळेल हे हाताने केलंय.”

आमच्या टेबलावर युक्रेनमधल्या एक बाई होत्या, वय माझ्याएवढंच. पश्चिम युक्रेनमधल्या, कोलोमियाच्या बाजूच्या. तिथे अंड्याच्या आकाराची इमारत असलेलं पिसांकांचं, म्हणजे मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या अंड्यांचं, संग्रहालय आहे, २००० साली उभारलेलं. त्यांच्याकडे पीस वापरत नाहीत. लाकडी काडीला बसवलेली पितळी नळी असते, तिच्यातून मेणाची बारीक रेघ येते, शाईच्या पेनासारखी. पिसांका हा शब्दच मुळी ‘लिहिणं’ या क्रियापदावरून आला आहे. त्या म्हणाल्या, “आम्ही अंडं रंगवत नाही, लिहितो.” मी त्यांना सांगितलं की आमच्या पालघरच्या बाजूला वारली बायका लग्नाचा चौक ‘लिहितात’. तो चौकही त्रिकोणांनी भरलेला असतो. मी फोनवर फोटो दाखवला, आजींनी चष्मा लावून तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, “हे तर आमचे दात.”

डोंगराळ भागातल्या हुत्सुल लोकांची एक समजूतही त्या बाईंनी सांगितली. डोंगराच्या पोटात साखळदंडांनी बांधलेला एक दुष्ट राक्षस आहे. दरवर्षी त्याचे दूत येऊन पाहून जातात, की लोकांनी किती पिसांका लिहिल्या. भरपूर असतील तर साखळ्या घट्ट होतात, कमी पडल्या तर सैल. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने पिसांकेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. ते सांगताना त्या हसल्या नाहीत. अंड्यावर मान खाली घालून त्या काम करत राहिल्या. त्यांच्या अंड्यावर एवढ्या बारीक रेघा होत्या की माझं अंडं मी जरा बाजूला सरकवलं.

कॉफीच्या सुट्टीत आजींनी उकडलेली, कांद्याच्या सालींत रंगवलेली तपकिरी अंडी वाटली, खायला आणि खेळायला. युक्रेनच्या बाईंनी टोपलीतून तीन अंडी घेतली, प्रत्येकाचं टोक हलकेच पुढच्या दातांवर टकटक वाजवून पाहिलं आणि एक निवडलं. कवच जाड असलं की आवाज वेगळा येतो म्हणे. मग एकाने अंडं मुठीत उभं धरायचं, नुसतं टोक बाहेर, आणि दुसऱ्याने वरून आपल्या अंड्याच्या टोकाने ठोकायचं. ज्याचं तडकलं त्याने ते जिंकणाऱ्याला द्यायचं. त्यांच्या एका अंड्याने आमची पाच जिंकली. हा खेळ मला नवा नव्हता. आमच्या वॉर्डातल्या बल्गेरियन डॉक्टरबाई दर ईस्टरला लाल अंडी घेऊन येतात आणि ड्यूटीवरच्या प्रत्येकाशी लढतात. शेवटपर्यंत न फुटणाऱ्या अंड्याला त्यांच्याकडे ‘बोराक’ म्हणतात. पहिलं रंगवलेलं लाल अंडं मात्र लढवत नाहीत. ते घरातल्या देवचित्रापाशी वर्षभर राहतं. सर्बियातही तसंच, तिथे त्याला घर राखणारं अंडं म्हणतात, ‘चुवारकुचा’. २०२५ मध्ये त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथाचा आणि आमचा कॅथलिकांचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला आला, त्यामुळे त्या वर्षी वॉर्डात सगळ्यांची अंडी एकदमच फुटली.

मुलांसाठी खरी मजा अंगणात होती. आजींच्या मोठ्या नातवाने मागच्या उतारावर एक उथळ चर खणून ठेवला होता, साधारण दोन पावलं लांब, वरून खाली उतरता, शेवटी पसरट खळगा. या खेळाला इथे ‘वालायेन’ म्हणतात. एकेकाने वरून आपलं अंडं सोडायचं. ते खाली जाऊन थांबतं. पुढच्याचं अंडं घरंगळत येऊन आधीच्या एखाद्याला लागलं, तर त्याला बक्षीस. आमच्या मुलांनी दहा-दहा सेंटांची नाणी लावली होती. आमच्या लहानपणीच्या गोट्यांसारखंच, पण गोटी सरळ जाते आणि अंडं जात नाही. निमुळत्या टोकाकडे वळतं, अर्धी गिरकी घेतं, कधी कडेला जाऊन थबकतं. पाच मिनिटांत लेकीला कळलं की गोलसर अंडं सरळ जातं आणि लांबटं वळणावरच्याला गाठतं. मग ती टोपलीत अंडी उलटीपालटी करून निवडायला लागली. नातवाला मराठी येत नाही, लेकीला सोर्ब येत नाही. तासभर दोघं भांडत, ओरडत, नाणी मोजत खेळली. निघताना तिने चाळीस सेंट कमावले होते, आणि त्यांतले वीस तिने त्याला परत दिले.

आता उणिवा. तीन तास कमी पडतात. दोन रंगांपर्यंत जेमतेम पोचता येतं. तिसरा गडद रंग, ज्याने नक्षी खरी उठून दिसते, तो बहुतेकांचा राहून गेला. चार तास आणि दहा युरो जास्त घेतले तरी कुणी कुरकुर करणार नाही. दुसरं, खोली छोटी आणि आठ ज्योती. मार्चच्या थंडीत खिडक्या बंद होत्या, तासाभरात माझं डोकं जड झालं. दमा असलेल्यांनी खिडकीजवळची जागा मागून घ्यावी. तिसरं, आजी जर्मन बोलतात, पण ती या भागातली आणि भराभर. माझ्या जर्मनला ते झेपलं, नव्याने आलेल्या एका जोडप्याला झेपलं नाही, आणि त्यांच्याकडे आजींचं लक्ष उशिरा गेलं. आठ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. मेण तापलेलं असतं आणि ज्योत उघडी. अर्धा गुण या सगळ्याचा मिळून कापला आहे.

जाताना आजींकडून साहित्याची पुडी नक्की घ्या. आठ युरोंत कापलेली चार पिसं, मेणाची वडी आणि एक टाचणीची काडी. त्या २८ युरोंच्या डब्याशी याची बरोबरीच नाही. तिसरं अंडं मी या पुडीने घरी केलं, ड्रेस्डेनच्या स्वयंपाकघरात, बटाट्याच्या भाजीच्या जुन्या चमच्यात मेण तापवून. पहिल्याच ठशाला काच दिसली.

ज्यांना करायचं नाही, फक्त विकत घ्यायचं आहे, त्यांच्यासाठीही थोडं. ईस्टरच्या आधी बाउत्सेनमध्ये सोर्ब अंड्यांचा बाजार भरतो. कारागीर स्वतः टेबलांवर बसून काम करत असतात आणि तुम्ही त्यांच्याशी बोलू शकता. मेण लावून रंगवण्याच्या या बाटिक पद्धतीखेरीज तिथे आणखी तीन पद्धती दिसतात. एकात गडद रंगवलेल्या अंड्यावर टोकदार पात्याने खरवडून पांढरी नक्षी काढतात, लेससारखी. एकात आम्लाने रंग उतरवतात. आणि एकात रंगीत मेण अंड्यावर तसंच ठेवतात, बोटाला उठाव लागतो. मी खरवडलेलं एक काळं हंसाचं अंडं ४० युरोंना घेतलं, तासन्‌तासांच्या कामाचे ते पैसे मला जास्त वाटले नाहीत. पर्यटकांच्या भागातल्या एका दुकानात मात्र जवळपास तशीच नक्षी नऊ युरोंना होती. हातात घेतल्यावर कळलं, की ती छापलेली पट्टी अंड्यावर आकसून बसवलेली आहे. प्रत्येक त्रिकोण अगदी सारखा, आणि मागे एक उभा सांधा. घेण्याआधी अंडं फिरवून सांधा शोधा.

ईस्टरच्या दिवशी जमलं तर त्या भागात पुन्हा जा. शेकडो घोडेस्वार काळे कोट आणि उंच टोप्या घालून, पुनरुत्थानाची वार्ता गात, एका धर्मग्रामातून दुसऱ्याकडे जातात. फोटोंसाठी जाऊ नका, ती प्रार्थना आहे. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो आणि समोरून येणारा प्रत्येक घोडा इतका सजवलेला, की शेपटीपर्यंत फिती. त्याच पहाटे मुली सूर्य उगवण्याआधी ओढ्याचं पाणी आणायच्या, वाटेत एक शब्दही न बोलता, अशी रीत होती. मुलगे त्यांना बोलायला लावायचे. बोललं की ते पाणी नुसतं ‘बडबडीचं पाणी’, त्याचा गुण गेला. आजींनी लहानपणी दोनदा आणलं आणि दोन्ही वेळा भावाने हसवलं.

तीन अंडी वसईला पोचवायची जबाबदारी माझ्या नवऱ्याची होती. तो एप्रिलच्या शेवटी गेला. माझ्या आईचा स्टीलचा पोळ्यांचा डबा, तळाला कापसाचा जाड थर, प्रत्येक अंडं गॉझच्या पट्टीत गुंडाळलेलं, वर पुन्हा कापूस. डबा केबिनमध्ये मांडीवर. मुंबईच्या विमानतळावर तो उघडून दाखवायला लागला. अधिकाऱ्याने एक अंडं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि हळूच परत ठेवलं. तिन्ही शाबूत पोचली. भावाने ती अल्तारावर मारियाबाईच्या पायाशी ठेवली आहेत.

पहिल्या कम्युनियनच्या संध्याकाळी धर्मपुत्राने व्हिडिओ कॉल केला, पांढरा शर्ट अजून अंगावर. एक अंडं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि बोटाने एकेक दात दाखवत मोजायला लागला. “पंधरा, सोळा, सतरा. पण मावशी, दुसऱ्यावर तर सोळाच आहेत.” त्याच्या भाषेत मी मावशी. आत्या म्हण असं आईने कितीदा सांगितलं तरी तो ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी सहानंतर मी आजींना फोन करून हे सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या, आणि पुढच्या मार्चमधल्या दोन जागा त्यांनी तेव्हाच माझ्या नावावर लिहून घेतल्या.